नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि मनाचा थकवा

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात बारावीनंतर नर्सिंगला गेलेली मुलगी जवळपास प्रत्येक चाळीत, सोसायटीत आढळते. अलीकडे मुलगेही या शिक्षणाकडे वळू लागले आहेत. डोकेदुखी, पित्त, झोप न लागणे, अनियमित पाळी अशा तक्रारी घेऊन ही मुले दवाखान्यात येतात. तपासणीत फारसे काही सापडत नाही. घरचे म्हणतात, "अभ्यासाचा कंटाळा, दुसरे काय!" पण हा नेहमीच कंटाळा नसतो.

बर्न-आउट म्हणजे काय?

हा शब्द वैद्यकात रूढ केला तो न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी, १९७४ साली. मोफत दवाखान्यात मन लावून राबणारी माणसेच हळूहळू कोरडी पडतात, हे त्यांनी पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामाविषयी तुटकपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटना याला रोग म्हणत नाही. कामाच्या न संपणाऱ्या ताणाचा तो परिणाम आहे. ज्या मुलीला पूर्वी रुग्णाची कळकळ वाटे, तिला आता रुग्णाने हाक मारली की राग येतो, ही ठळक खूण.

असे का होते?

जी.एन.एम.ची तीन किंवा बी.एस्सी.ची चार वर्षे ही मुले एकाच वेळी विद्यार्थीही असतात आणि वॉर्डातले कामाचे हातही. नाइट करून आल्यावर वर्ग, परीक्षा, फाइली पुऱ्या करणे, त्यात लोकलची गर्दी. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी पुस्तकांचे ओझे वेगळे. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पहिला मृत्यू डोळ्यांसमोर होतो आणि त्यावर बोलायला कोणी नसते. त्यात आपल्या रुग्णालयांतली गर्दी. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या पाचशे खाटांच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले, तेव्हा या गर्दीची चर्चा राज्यभर झाली. अशा गर्दीच्या वॉर्डात शिकणाऱ्यांवर काय ताण येत असेल, याची चर्चा मात्र क्वचितच होते. दमलेल्या हातून औषधाचा डोस चुकू शकतो, वापरलेली सुई टोचू शकते. म्हणजे हा प्रश्न रुग्णाच्या सुरक्षिततेचाही आहे.

काय करावे?

प्रथम शरीर तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल किंवा थायरॉइड मंद असेल, तर थकवा त्यानेही येतो व औषधाने जातो. नाइटनंतर खोलीत अंधार करून सलग झोपावे. झोपण्यापूर्वीचे पाच-सहा तास चहा-कॉफी टाळावी. उपाशीपोटी ड्यूटीला जाऊ नये. वापरलेली सुई टोचल्यास जागा साबण-पाण्याने धुवावी व लगेच सांगावे, एच.आय.व्ही.प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. ओरडा बसेल म्हणून लपवू नये.

घरच्यांनी नाइट करून आलेल्या मुलीला लगेच घरकामाला जुंपू नये. "आमच्या वेळी" हे पालुपद आवरावे. शिक्षिकांनी नाइटनंतर विश्रांतीचा दिवस पाळावा, चूक झाल्यास सर्वांसमोर न झापता बाजूला घेऊन समजवावे आणि वॉर्डात मृत्यू झाला तर त्या दिवशी दहा मिनिटे मुलींशी बोलावे.

केव्हा थांबू नये?

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, कशातच गोडी न वाटणे, कारण नसता रडू येणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर एक दिवसही वाट पाहू नये व तिला एकटे सोडू नये. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत दूरध्वनी चोवीस तास चालतो. त्यावर मराठीतही बोलता येते. "ठाण्याला पाठवा" अशी चेष्टा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण १९०१ पासूनचे ठाण्याचे हे मनोरुग्णालय उपचारासाठीच आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही.

वाचकांनाही एक विनंती. रुग्णालयात नातेवाईक दाखल असताना सलाइन संपले म्हणून विद्यार्थिनीवर ओरडण्यापूर्वी तिला किती खाटा सांभाळायच्या आहेत, ते पाहावे. उद्या आपल्या उशाशी उभी राहणारी सिस्टर आजच घडते आहे.