मोबाईलवरील ठकबाजी : शेतकऱ्यानें काय जपावें ?

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या होत्या आणि पेरणीची गडबड सुरू व्हावयाची होती, अशा वेळीं आमच्या एका सभासदबंधूंस दुपारीं फोन आला. बोलणारा इसम नम्र व शुद्ध मराठींत बोलत होता. त्यानें सभासदांचें संपूर्ण नांव, गांव, शेताचा गट नंबर व क्षेत्र बिनचूक सांगितलें आणि "केवायसी न झाल्यामुळें आपला किसान सन्मानचा हप्ता अडकला आहे, व्हॉट्सॲपवर पाठविलेली फाईल उघडून अर्ज भरा," असें कळविलें. आमच्या बंधूंनीं तसें केलें. तूर विकून बियाण्याकरितां व खताकरितां खात्यांत ठेविलेली सर्व रक्कम सायंकाळपर्यंत नाहींशी झाली. हे गृहस्थ अडाणी नव्हेत. सोसायटीचे हिशेब ते स्वतः तपासतात. "पण त्याला माझा गट नंबर कसा ठाऊक ?" हें ते अद्यापहि विचारतात, आणि या फसवणुकीचें मूळ याच प्रश्नांत आहे.

आपल्या राज्यांत सातबाराचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर कोणासहि पाहतां येतो. ही सोय वाईट नव्हे. एका उताऱ्यासाठीं तलाठ्याच्या दारीं ज्यांनीं हेलपाटे घातले आहेत त्यांना तिची किंमत कळते. परंतु ज्या खिडकींतून आपण पाहतो तिच्यांतूनच चोरहि पाहतो. शिवाय आधारकार्डाच्या झेरॉक्स प्रती आपण किती ठिकाणीं देऊन आलों याचा हिशेब कोणाजवळ आहे ? तेव्हां गट नंबर सांगणारा मनुष्य सरकारीच असला पाहिजे असें मानणें, म्हणजे बैलाच्या शिंगांचा रंग सांगणाऱ्यास बैलाचा मालक समजण्यासारखें आहे. तो रंग बाजारांत उभ्या असलेल्या प्रत्येकास दिसतो.

लबाडी नेहमीं खऱ्या गोष्टीच्या बांधाला लागूनच पेरलेली असते. पंतप्रधान किसान सन्मान निधि योजना २०१९ सालीं सुरू झाली; तिच्यांत वर्षास ६००० रुपये, २००० रुपयांच्या तीन हप्त्यांनीं मिळण्याची तरतूद आहे व तिच्याकरितां केवायसी खरोखरच करावी लागते. सौर कृषिपंपासाठीं सर्वसाधारण शेतकऱ्यास १० टक्के व अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो, हेंहि खरें. म्हणूनच पंपाच्या नोंदणीची फी मागणारीं बनावट संकेतस्थळें लोकांस खरीं वाटतात. केंद्र सरकारच्या संकेतस्थळाचा पत्ता बहुधा 'गव्ह डॉट इन' या अक्षरांनीं संपतो. पत्त्याच्या मध्येंच कोठें तरी 'गव्ह' किंवा 'किसान' हे शब्द दिसले म्हणून तो खरा ठरत नाहीं. केवायसी करावयाची ती स्वतः पत्ता टंकून अगर गांवच्या सेवा केंद्रावर जाऊन करावी. आलेल्या दुव्यावर बोट ठेवून करूं नये.

आमच्या बंधूंनीं ओ. टी. पी. कोणासहि सांगितला नव्हता. मग पैसे गेले कसे ? ज्या फाईलच्या नांवाच्या शेवटीं 'ए. पी. के.' हीं अक्षरें असतात ती कागदाची प्रत नसून फोनमध्यें शिरून काम करणारी यंत्रणा असते. ती बसवितांना आलेले संदेश वाचण्याची परवानगी मागते. घाईंत 'होय' म्हटलें कीं बँकेचा ओ. टी. पी. परभारें चोराकडे जाऊं लागतो. तीच फाईल पुढें त्या फोनवरून गांवच्या गटांवर आपोआप पाठविली जाते. म्हणून ती आपल्या चुलत्याच्या नांवानें आली तरी उघडूं नये. चुकून उघडली गेलीच, तर त्या फोनचें इंटरनेट तत्काळ बंद करावें, दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवावें, आणि जाणत्या माणसाकडून फोन पूर्ण पुसून घ्यावा.

जनावर विकण्याची जाहिरात मोबाईलवर दिली असतां निराळ्याच प्रकारचा चोर येतो. तो भावाची घासाघीस करीत नाहीं, म्हैस पाहावयासहि येत नाहीं. लगेच विसार पाठवितों म्हणून क्यू. आर. चित्र धाडतो व पिन टाका म्हणतो. यू. पी. आय. मध्यें पिन लागते ती पैसे देण्यास; घेण्यास नव्हे.

अंगठ्याची गोष्ट मात्र अधिक अवघड आहे. आधारवरून पैसे काढण्याच्या पद्धतींत आधार क्रमांक, बँकेचें नांव व अंगठा एवढ्यावर रक्कम मिळते, ओ. टी. पी. लागत नाहीं. खरेदीखतांच्या प्रतींवरील ठसे उचलून रबरी अंगठे बनविल्याचे गुन्हे कांहीं राज्यांत उघडकीस आले आहेत. त्याहून साधी लबाडी गांवांतच होऊं शकते. कुदळ-खुरप्यानें झिजलेला अंगठा यंत्रावर चटकन उठत नाहीं. "उठला नाहीं, पुन्हां ठेवा," असें म्हणून एकाच भेटींत दोनदां पैसे काढले जातात. म्हणून प्रत्येक वेळीं पावती मागावी व बँकेचा संदेश पाहूनच अंगठा पुन्हां ठेवावा. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर अंगठ्याच्या ठशांस कुलूप घालण्याची सोय आहे. गरजेपुरतें तें उघडतां येतें. वृद्ध आईवडिलांच्या बाबतींत हें काम घरांतील मुलांनीं अंगावर घ्यावें.

फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर त्याच घटकेस फोन करावा. चोरलेली रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत फिरत असते. ती कोठें तरी रोखीनें काढली जाईपर्यंतच गोठवितां येते. बँकेसहि लेखी कळवून पोंच घ्यावी. रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं घालून दिलेल्या नियमांत, दोष ग्राहकाचा नाहीं व बँकेचाहि नाहीं अशा प्रसंगीं तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर तोशीस नाहीं, असें ठरविलें होतें. ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीनें नुकसान झालें असतां कळविण्यापूर्वींचें त्याच्या अंगावर व नंतरचें बँकेच्या अंगावर, अशी विभागणी होती. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर बोलण्यांतच लाभ आहे.

आमचे बंधु दोन दिवस बोलले नाहींत. लोक हंसतील, सोसायटींत तोंड कसें दाखवावें, या विचारानें त्यांनीं पत्नीपासूनहि गोष्ट लपविली. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं १९३० वर नोंद केली तेव्हां रक्कम काढून नेली गेली होती. विकत बियाणें घेण्याचा बेत त्यांना सोडावा लागला. यंदा त्यांनीं घरचेंच सोयाबीन, शंभर दाण्यांची उगवण पाहून, पेरलें आहे.