फुटलेला गीझर भंगारात देऊ नका

प्रश्न : यशवंतपूरला आमचं स्वतःचं घर आहे. दोन दिवस बेळगावला गेलो, तेवढ्यात न्हाणीघरातला गीझर फुटून पाणी जिन्यावरून तळघरात उतरलं. गाद्या, लाकडी कपाटं, सासऱ्यांची पुस्तकं भिजली. काँट्रॅक्टर उद्याच काम सुरू करतो म्हणतो. दुकानदार जुना गीझर घेऊन नव्यावर सूट देतोय. खर्चासाठी पर्सनल लोन घ्यावं की सोनं तारण ठेवावं? घराचा विमा आहे, पण जाताना व्हॉल्व्ह बंद केला नव्हता, म्हणजे चूक आमचीच ना?

– एक वाचक

उत्तर : कर्जाचं नंतर. व्हॉल्व्ह राहिला म्हणून तुम्ही दावाच करायचं टाळताय, असं दिसतं. विमा अशाच अपघातांसाठी असतो. मुद्दाम केलेलं नुकसान वगळतात, हे तसं नाही. 2021पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं, पाइप फुटून होणारं नुकसान धरलेलं आहे. फक्त कागद आज काढून पाहा. गृहकर्जासोबत गळ्यात मारलेली पॉलिसी पुष्कळदा घराची नसतेच, कर्जदाराच्या आयुष्याची असते.

आता तो गीझर. दुकानदाराला देऊ नका, कितीही सूट मिळो. विमा कंपनीचा सर्व्हेअर विचारणारच, की पंचवीस लिटरच्या गीझरने तळघर कसं भरलं? खरं उत्तर असं, की फाटलेल्या गीझरमधून गच्चीवरची अख्खी टाकी रिकामी होते, आणि पंप आपोआप चालू होणारा असेल तर जमिनीखालच्या संपचं पाणीही त्याच वाटेने येतं. पण फुटलेलं भांडं भंगारात गेलं आणि भिंतीला नवी पुट्टी लागली, की हे दाखवणार कशावरून? मग ‘ही जुनी ओल आहे’ एवढं एक वाक्य अहवालात पडतं आणि दावा बुडतो. खरं नुकसान झालेली माणसं घर लवकर आवरण्याच्या नादात अशी हात हलवत परतलेली मी पाहिली आहेत.

म्हणून वीज बंद करून पाणी उपसा, ते झाल्यावर पंखे लावा. नुकसान वाढू न देणं तुमचंच काम आहे. त्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो घ्या. कंपनीला आजच ईमेल करा, व्हॉल्व्हचंही खरं लिहा. गाद्या बाजूला रचा, फेकू नका. काँट्रॅक्टरकडून फक्त लेखी अंदाजपत्रक घ्या. भिंत वाळल्याशिवाय पुट्टी टिकत नाही, तेव्हा त्याला घाई कसली? गीझरची किंमत मिळेल ही आशा मात्र सोडा.

‘पावसाचं पाणी शिरलं असं लिहा’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

कंपनीने नाकारलं तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, मग बेंगळुरूचे विमा लोकपाल. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

सोनं तूर्त कपाटातच राहू द्या.