‘थांबा’ एवढंच सांगून भागतं का?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. शाळेत लैंगिक शिक्षणाचं व्याख्यान ठेवताहेत. ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढंच सांगितलं तर पुरे नाही का? जास्त सांगितलं तर नको ते डोक्यात भरेल, असं हिचे बाबा म्हणतात.
– एक आई, सातारा

उत्तर : बाबांची धास्ती कळते. पण हा प्रयोग अमेरिकेत करून झालाय. १९९६च्या कायद्याने ‘फक्त संयम’ शिकवणाऱ्या कार्यक्रमांना वर्षाला ५ कोटी डॉलर मिळू लागले. संसदेनेच करायला लावलेल्या पाहणीचा अहवाल २००७मध्ये आला. चार कार्यक्रम, दोन हजारांवर मुलं. वर्गाला बसलेली असोत की नसोत, दोन्ही गटांत जवळपास निम्मीच मुलं थांबली होती. बाकीच्यांचं पहिल्या वेळचं सरासरी वय दोन्हीकडे १४.९. दशांशाचाही फरक नाही! वर्गामुळे निरोधाचा वापर घटला, असंही दिसलं नाही, हे कबूल करायला हवं. पैसा तेवढा गेला.

उलट, नीट माहिती दिली की मुलं लवकर सुरुवात करतात, या समजुतीला युनेस्कोच्या आढाव्यातही आधार सापडलेला नाही.

‘थांब’ जरूर सांगा, मीही सांगते. आपल्याकडे १८ वर्षांखालच्या मुलीची संमती कायदा धरतच नाही, हेही सांगा. पण तेवढ्यावर उठू नका. भाजी निवडता निवडता विचारा : कुणी मोबाइलवर फोटो मागितला तर काय म्हणशील? पाळी चुकली तर आधी कुणाला सांगशील? तुमचं नाव आलं नाही, तर रागावू नका; पुन्हा विचारा.