सुपरहिरोचा खेळ आणि पूर्वप्राथमिक शिक्षणाचे अर्थकारण

चार वर्षांचे मूल खांद्यावर ओढणी बांधून अंगणात धावू लागले की घरातील वडीलधाऱ्यांना तो निव्वळ दंगा वाटतो. बालमानसशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते मूल एक अवघड काम करीत असते. आपण अमुक नायक आहोत असे एकदा ठरवल्यावर त्या नायकाला शोभेल असेच वागावे लागते. नायक रडत नाही, पळून जात नाही, दुबळ्याला मारत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३० च्या दशकात मांडलेला विचार हाच होता: कल्पित खेळात मूल स्वतःहून नियम स्वीकारते आणि क्षणिक इच्छेला आवर घालण्यास शिकते. या क्षमतेला आज ‘स्वनियमन’ असे म्हटले जाते. मानवी भांडवलाच्या अर्थशास्त्रात तिला अलीकडे जे महत्त्व आले आहे, ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

त्यासाठी अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी येथील पेरी पूर्वप्राथमिक प्रकल्पाचा दाखला घ्यावा लागतो. १९६२ ते १९६७ या काळात गरीब कुटुंबांतील १२३ बालकांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करून एका गटाला दर्जेदार बालशिक्षण देण्यात आले. बुद्ध्यंकातील आघाडी काही वर्षांतच ओसरली. तरीही ही मुले मोठी झाल्यावर त्यांचे उत्पन्न अधिक व गुन्ह्यांतील सहभाग कमी आढळला. नोबेल पारितोषिक विजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुंतवणुकीचा सामाजिक परतावा दरसाल सुमारे ७ ते १० टक्के असल्याचा अंदाज मांडला. बुद्ध्यंक टिकला नाही, मग परतावा आला कोठून? त्यांच्या मते तो मुख्यतः चिकाटी, संयम व इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती अशा गुणांतून आला.

सुपरहिरोच्या खेळाचा या चिकाटीशी थेट संबंध जोडणारा एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील चार व सहा वर्षांच्या १८० मुलांना दहा मिनिटे एक कंटाळवाणे काम देण्यात आले. मध्येच ते सोडून टॅब्लेटवर खेळण्याची मुभा होती. काही मुलांना ‘मी मेहनत करतो आहे का?’ असे स्वतःला विचारण्यास सांगितले, काहींना स्वतःचे नाव घेऊन हाच प्रश्न विचारायचा होता, तर उरलेल्यांनी बॅटमॅन, डोरा यांसारख्या पात्राचा वेश घेऊन ‘बॅटमॅन मेहनत करतो आहे का?’ असे विचारायचे होते. पात्राच्या भूमिकेत गेलेली मुले सर्वांत जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. स्वतःकडे किंचित दूरस्थपणे पाहता आले की मोहाला आवर घालणे सोपे जाते, असा याचा अर्थ लावला जातो.

तथापि, याला दुसरी बाजू आहे. त्याच वर्षी सेरा कॉइन व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पडद्यावरील सुपरहिरोंमध्ये अधिक रमणाऱ्या बालकांत वर्षभरानंतर आक्रमकता वाढलेली आढळली. दुबळ्याचा बचाव करण्याची वृत्ती मात्र वाढलेली दिसली नाही. लहान मुलाला ठोसा दिसतो, त्यामागील न्याय दिसत नाही. आपल्याकडे १९९७ पासून दूरदर्शनवर गाजलेल्या ‘शक्तिमान’ मालिकेच्या वेळी मुले उड्यांचे अनुकरण करतात ही चिंता व्यक्त झालीच होती. तेव्हा प्रश्न नायक असावा की नसावा हा नाही. तो पडद्यावरून आयता येतो की शिक्षिकेच्या हाताखाली खेळातून घडतो, हा खरा भेद आहे. परीक्षेत हे दोन्ही अभ्यास परस्परविरोधी म्हणून मांडण्याची चूक अनेकजण करतात. एक अभ्यास भूमिका घेण्याविषयी आहे, दुसरा प्रेक्षक असण्याविषयी.

घडवलेल्या नायकाचे उत्तम उदाहरण दक्षिण आशियातच आहे. युनिसेफने १९९० च्या दशकात ‘मीना’ ही बालिका साकारली. तिच्या निर्मितीत भारतीय ॲनिमेशनकार राम मोहन यांचा मोठा वाटा होता. शाळेत पाठवले जात नसलेली मीना आपल्या मिठू पोपटामार्फत अंक शिकते, घरच्या कोंबड्या मोजते आणि एक कमी भरल्यामुळे चोरी उघडकीस येते. या नायिकेजवळ कोणतीही दैवी शक्ती नाही. तिचे शस्त्र म्हणजे मोजणी.

अंगणवाडीत अशा उपक्रमाला खर्च जवळजवळ लागत नाही. जुनी ओढणी, चिंचोके, खडूने आखलेल्या दहा घरांच्या पट्टीवर अंक म्हणत मारायच्या उड्या, वाटेत ‘अडकलेल्या’ बाहुलीची सुटका, आणि नायकाने हात न उगारता संकट सोडवायचे हा एकच नियम एवढे पुरेसे आहे. यात नवे काही नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले तेव्हा गोष्ट व नाट्य हेच त्यांचे मुख्य साधन होते. ताराबाई मोदक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे आदिवासी बालकांच्या अंगणापर्यंत शाळा नेली.

केवळ खेळ पुरेसा आहे, असे मात्र समजू नये. दिल्लीतील बालवाड्यांमध्ये झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गणिती खेळांमुळे मुलांची संख्यांविषयीची अंतःप्रेरित जाण सुधारली व ती टिकली. पण पुढे शाळेतील औपचारिक गणितात त्याचा लाभ दिसला नाही. चिंचोके मोजणाऱ्या हातांना ‘५’ हे चिन्हही त्याच खेळात भेटले पाहिजे.

धोरणाची चौकट विद्यार्थ्यांना परिचित असेल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या सहा सेवांपैकी अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला कलम २१-अ अन्वये मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील बालकांसाठी मात्र कलम ४५ मध्ये केवळ मार्गदर्शक तत्त्व ठेवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम ११ ही शासनावर बंधनकारक नाही. ही उणीव गंभीर आहे, कारण परतावा ज्या वयात सर्वाधिक, त्याच वयात हक्क सर्वांत दुबळा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वयोगटाचा पायाभूत स्तर मानला. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळाला अध्यापनाचा गाभा ठरवले आणि २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ उपक्रमाद्वारे अंगणवाडी सेविकांचे प्रशिक्षण सुरू झाले.

प्रत्यक्षात अडचण साहित्याची नसून वेळेची आहे. पोषण आहार, वजने, लसीकरणाची माहिती, गृहभेटी व नोंदी यांत सेविकेचा दिवस जातो. गोष्ट सांगण्यास उसंत उरत नाही. तमिळनाडूतील एका मोठ्या यादृच्छिक प्रयोगात ३२० केंद्रांपैकी निवडक केंद्रांत एक अर्धवेळ जादा कार्यकर्ती नेमण्यात आली. शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला, मुलांची भाषा व गणित सुधारले आणि मूळ सेविकेला आरोग्यकामासाठी सवड मिळाल्याने खुंटलेली वाढ व कुपोषणही घटले. अशा जादा नेमणुकीचा खर्च मानधनाच्या शीर्षाखाली लगेच दिसतो. त्याचा लाभ वीस वर्षांनी, आणि तोही दुसऱ्याच खात्याच्या आकडेवारीत दिसतो. अर्थसंकल्पाच्या वेळी हा प्रस्ताव मागे पडतो तो याच कारणाने.