चि. बंडूस, राणीच्या पिल्लांविषयी

अकोला, २० जानेवारी



तुझा बेत ताईनं फोनवर सांगितला, रात्री तुझा मेसेजही वाचला. तुमची लॅब्राडोर राणी पुढच्या महिन्यात माजावर येईल, नागपुरात कुणाकडे पूडल नर आहे, मेटिंग करायची, त्या संकरातलं एक डूडल पिल्लू घरी ठेवायचं, बाकीची विकायची आणि राणीला दर्यापूरच्या वावरात धाडायचं. का, तर ताईला शिंका येतात, धाप लागते, आणि डूडलचे केस गळत नाहीत. फोनवर बोललो असतो तर दोघंही तापलो असतो, म्हणून लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. या माजाला राणीची मेटिंग करू नकोस, आणि पिल्लं होवोत न होवोत, राणीला घराबाहेर काढू नकोस.

हे सगळं डूडलचं वेड ज्या लॅब्राडूडलमुळे पसरलं, त्याची कहाणी तुमच्या घरासारखीच आहे. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी वाटाडी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरॉन नावाचे गृहस्थ होते. हवाईतल्या एका अंध बाईंना असा कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी. कॉनरॉन यांनी आधी पूडलच शिकवून पाहिले. तीन वर्षं खटपट केली, पण त्या कामाला एकही उतरला नाही. मग १९८९ च्या सुमारास त्यांनी लॅब्राडोर मादीला मोठा, म्हणजे स्टँडर्ड पूडल लावला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, तर नवऱ्याला त्रास झाला नाही तो एकाच पिल्लाचा. आईबाप तेच, वेळ तीच, तरी तिघांतलं एकच. पुढे दहा पिल्लांपैकी तीनच तशी निघाल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. उरलेली पिल्लं ‘मिश्र जातीची’ म्हणून कुणी घेईना. ‘लॅब्राडूडल’ हे नाव दिल्याबरोबर रांग लागली. २०१९ च्या मुलाखतीत त्यांनी या सगळ्याची सुरुवात केल्याबद्दल खेद बोलून दाखवला, कारण नावाच्या जोरावर वाट्टेल त्या जोड्या लावून पिल्लं विकणं सुरू झालं होतं.

आणि बंडू, ॲलर्जी मुळात केसांची नसते. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात काही प्रथिनं असतात, त्यांची असते. केसांना चिकटून ती घरभर पसरतात. नेदरलँड्समध्ये २०१२ साली घराघरांतून नमुने घेऊन तपासणी झाली. ‘ॲलर्जी होत नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींत लॅब्राडूडलही होता. त्या जातींच्या केसांत यांतलं तपासलेलं प्रथिन कमी तर नव्हतंच, इतर कुत्र्यांपेक्षा जास्त निघालं. तेव्हा केस न गळणारं कुत्रं आणलं की ताईची धाप थांबेल, असं कुणीही तुला लिहून देऊ शकत नाही. शिवाय तिला राणीचाच त्रास आहे हे ठरवलं कुणी? तुमच्या मागच्या खोलीत भाव येईस्तोवर कापूस भरून ठेवलेला आहे, अंगणात तुरीचं कुटार पडलं आहे. आधी तिला छातीच्या डॉक्टरांकडे ने, ॲलर्जीची तपासणी करून घे. राणीचीच निघाली तर तिला झोपायच्या खोलीत येऊ देऊ नका, तिची बैठक वऱ्हांड्यात करा, घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. बऱ्याच घरांत एवढ्यावर भागतं.

संकर वाईट, असं माझं म्हणणं नाही. मी जन्मभर गाईम्हशींत काढला. राहुरीच्या विद्यापीठानं गीर, होल्स्टिन आणि जर्सी एकत्र आणून फुले त्रिवेणी केली, ती दुधाला चांगली निघाली. पण त्यामागे वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या, कुठली कालवड ठेवायची आणि कुठली वगळायची याची निवड होती. एक जोडी लावली आणि जात तयार झाली, असं होत नाही. आपल्या कास्तकाराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. हायब्रीड पराटीची सरकी घरी राखून पुढच्या साली पेरली तर वावरात एक झाड कमरेएवढं, दुसरं गुडघ्याएवढं, एकाची बोंडं मोठी, दुसऱ्याची बारकी. डूडलचं तसंच आहे. लॅब्राडोर आणि पूडलच्या पहिल्या पिढीत पिल्लांना मिशादाढी सहसा येते, केस मात्र कुणाचे लाटांसारखे, कुणाचे कुरळे. अशी दोन डूडल पुन्हा एकमेकांना लावली तर चारात एखादं पिल्लू थेट लॅब्राडोरसारख्या सपाट केसांचं निघतं आणि घरभर केस गाळतं. दोन्ही प्रकारची पिल्लं ‘डूडल’ म्हणूनच विकली जातात.

मिश्र कुत्रं निरोगी असतं, हेही तू लिहिलं आहेस. ते अर्धंच खरं. जो दोष एकाच बाजूच्या रक्तात दबलेला आहे तो संकरात झाकला जातो. पण खुब्याचा सांधा ढिला असणं हे लॅब्राडोरमध्येही आहे आणि मोठ्या पूडलमध्येही. डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक आजार दोन्ही जातींत एकाच जनुकातून येतो. दोघांकडे तो असला तर डूडल म्हटल्यानं तो जाणार नाही. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये लॅब्राडूडल, कॉकापू आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, तेव्हा बहुतेक आजारांत फरक आढळला नाही. म्हणजे पिल्लू निरोगी हवं असेल तर तपासायचे ते आईबाप.

खरी गोष्ट स्वभावाची, आणि त्याबद्दल तुझ्या मेसेजमध्ये एक ओळ नाही. घरात ताई आहे, आजी काठी टेकत चालते, तुझी चिमुकली रांगते आहे. अशा घराला न घाबरणारं, न गुरगुरणारं, अंगावर पडलं तरी सोसणारं कुत्रं हवं. भित्रेपणा रक्तातून उतरतो, आणि पिल्लं पहिल्या आठवड्यांत आईकडे बघूनही तो शिकतात. या दिवाळीत पहिल्या लडीला राणी दिवाणाखाली शिरली ती दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आली, हे तूच मला सांगितलंस. ती गुणी आहे, लाघवी आहे. पण अजून वर्षाचीही नाही, तिचा स्वभाव बसायचा आहे. आणखी एक दिवाळी जाऊ दे. ती सावरली तर बघू. नाही सावरली तर ती आपली लाडकी राणी राहील, पिल्लांची आई होणार नाही.

त्या पूडलचंही तेच. त्याचे फोटो पाहून ठरवू नकोस. न सांगता जा, तास-दोन तास बस. दाराची घंटी वाजली की तो काय करतो, पुढ्यातलं ताट मालकानं उचललं तर गुरगुरतो का, अनोळखी लेकरू जवळून पळालं तर त्याची नजर कुठे जाते, हे बघ. हात कानामागे आणि काखेत घाल. पूडलचे केस गळत नाहीत म्हणजे ते तिथेच अडकून राहतात, त्यांच्या गाठी होतात आणि पावसाळ्यात त्या गाठींखाली कातडी ओली राहून लाल होते. बोटांच्या बेचक्यात गोचीड लपलेली असते, ती तर त्या केसांत दिसतही नाही, आणि गोचीडतापानं आपल्याकडे कितीतरी कुत्री जातात. डूडलला दिवसाआड मुळापर्यंत कंगवा फिरवावा लागतो. तुमच्या घरात तो कोण फिरवणार आहे, हे आधी ठरव.

आता वेळ. कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट. माघात मेटिंग केलीस तर पिल्लं एप्रिलच्या मध्यावर होतील. अमरावती-अकोल्याचा पारा तेव्हा चव्वेचाळीसकडे निघालेला असतो, आणि पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःच्या अंगाची उष्णता सांभाळता येत नाही. कूलरपुढे ठेवली तर गारठतात, बाजूला ठेवली तर भाजतात. राणीला दर्यापूरला पाठवायचं म्हणतोस, तिथेही तेच ऊन. लॅब्राडोर न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात काम केलेल्या कुत्र्यांच्या वंशातला, अंगावर केसांचा दुहेरी थर. टिनाच्या कोठ्यात मे महिना ती काढू शकणार नाही. हे मी पशुवैद्य म्हणून सांगतो आहे.

कायदाही बघ. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीचे केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. पिल्लं विकायची तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. अठरा महिन्यांखालच्या मादीची मेटिंग करता येत नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, आणि हा नियम मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा ते पिल्लू याच दिवसांत शिकतं. महिन्याभरात आईपासून तोडलेलं पिल्लू मग तुझ्या लेकीच्या हातावर ते शिकतं.

येत्या माजात तिला जपून बांधून ठेव, गच्चीवर एकटी सोडू नकोस, छत्री तलावाकडचं फिरणं तीन आठवडे बंद. दोन वर्षांची झाली की तिला इकडे घेऊन ये. स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत आपण तिच्या खुब्याचा एक्स-रे काढू आणि डोळे तपासून घेऊ. आदल्या रात्रीपासून खायला देऊ नकोस, भूल द्यावी लागेल. नागपूरच्या माणसाला आत्ताच फोन करून त्याच्या पूडलचे असे कागद आहेत का विचार. नसतील आणि तो करूनही घेत नसेल, तर दुसरा नर शोधू. सगळं जुळलं तर मेटिंग थंडीच्या तोंडावर करू, पिल्लं होताना मी स्वतः येऊन राहीन. पण त्याआधी प्रत्येक पिल्लाचं घर ठरलेलं असलं पाहिजे, आणि एखादं परत आलं तर ते तुझ्या दारात येईल, हे सूनबाईला विचारून मला कळव.

ताईला डॉक्टरांकडे या आठवड्यातच ने. कापसाच्या खोलीचं दार तोवर बंद ठेवा.

तुझा
मामा