उपकाराची फेड आणि उपकाराची वही

ईदच्या दिवशी आपल्या घरून शेजाऱ्यांकडे शीरखुर्मा जातो आणि दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचे ताट येते. या देवाणघेवाणीला केवळ लोकरीत समजू नका. ह. आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार आदरणीय प्रेषित (स.) भेट स्वीकारीत आणि तिच्या बदल्यात काही ना काही देत असत (हदीस : बुखारी). अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात तर असा आदेश आहे की, ज्याने उपकार केला त्याची फेड करावी. फेडण्याजोगे काही नसेल तर त्याच्यासाठी इतकी दुआ करावी की फेड झाल्याची मनाची खात्री व्हावी.

हा आदेश घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नव्हे. देणाऱ्याविषयी कुरआन वेगळेच सांगतो. सूरह अद्-दहरमधील (76:8-9) सदाचारी लोक गरीब, अनाथ व कैद्यांना जेवू घालतात आणि मोबदलाच काय, आभारही अपेक्षित नाहीत असे म्हणतात. आपण मात्र या दोन्ही शिकवणींची अदलाबदल करतो. मिळालेले विसरतो, दिलेले वहीत मांडतो! लग्नातील आहेराच्या याद्या पाहा. मित्राने आपल्याइतकी रक्कम घातली नाही, याचीच चर्चा घरात होते. ती कानी पडल्यावर हात तंग असलेला मित्र पुढच्या लग्नाला येतच नाही, आणि आपण त्याला गर्विष्ठ ठरवतो.

प्रेषितांची (स.) रीत पाहा. तायफहून व्यथित होऊन परतताना मक्केत प्रवेश करण्यासाठी त्यांना कोणाच्या तरी संरक्षणाची गरज होती. ते मुतइम बिन अदी यांनी दिले. मुतइम यांनी इस्लाम स्वीकारला नाही आणि बद्रच्या लढाईपूर्वीच ते मरण पावले. तरीही हिजरी सन 2 मध्ये बद्रचे युद्धकैदी समोर असताना प्रेषित (स.) म्हणाले की, आज मुतइम हयात असते आणि या कैद्यांसाठी त्यांनी शब्द टाकला असता, तर त्यांच्याखातर मी यांना सोडून दिले असते (हदीस : बुखारी). उपकारकर्ता हयात नव्हता, धर्मबंधूही नव्हता.

आता त्या अबोल झालेल्या मित्राकडे आपणच जावे. शेजारणीने दिलेली भेट, मग ते बकरीचे खूर का असेना, क्षुल्लक लेखू नये, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) स्त्रियांना दिली आहे. उद्या तो मित्र चार केळी घेऊन आला, तर ती आत नेऊन ठेवू नका. त्याच्यासमोरच मुलांच्या हातात द्या.