पैसा आधी, वाद मागाहून
(बांधकामातील थकलेल्या बिलांचा अठ्ठावीस दिवसांचा निवाडा : एक अभ्यास)

बांधकामाच्या धंद्यात पैशाचा ओघ वरून खाली येतो, हे आमच्या सभासद बंधूंस सांगावयास नको. मालकाकडून मुख्य कंत्राटदारास, त्याच्याकडून पोटकंत्राटदारास, आणि त्याच्याकडून लोखंड, सिमेंट, लाकूड, फरशी पुरविणाऱ्या पेढीस असा तो उतरत असतो. वर कोणी एकाने बांध घातला की खालचे सारे पाट कोरडे पडतात. ज्याने बांध घातला त्याचे म्हणणे कदाचित खरेही असेल; काम सदोष असेल, मोजणी चुकलेली असेल. परंतु त्याची शहानिशा होईपर्यंत वर्षे लोटतात आणि खालच्या माणसास तर दर शनिवारी मजुरी चुकती करावी लागते. दावा जिंकला परंतु तोपर्यंत पेढी मिटली, असा न्याय काय कामाचा? ह्या प्रश्नास ब्रिटनमध्ये जे उत्तर शोधण्यात आले, त्याचा परिचय करून देण्याचे आम्ही प्रस्तुत लेखात योजिले आहे.

कायद्याचा उगम

ब्रिटनमधील बांधकाम धंद्याची पाहणी करून सर मायकेल लॅथम ह्यांनी १९९४ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यातील शिफारशींस अनुसरून १९९६ साली तेथील संसदेने गृहनिर्माण अनुदान, बांधकाम व पुनरुज्जीवन ह्या विषयांचा एक कायदा केला. बांधकामाच्या करारांविषयीचा त्याचा भाग १ मे १९९८ पासून अंमलात आला. पुढे २००९ च्या कायद्याने त्यात दुरुस्त्या झाल्या व त्या इंग्लंड-वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०११ पासून लागू झाल्या.

ह्या कायद्याने करारातील कोणत्याही पक्षास वाद उपस्थित होताच, केव्हाही, त्रयस्थ निर्णायकाकडे जाण्याचा हक्क दिला. इंग्रजीत ह्यास ‘अ‍ॅडज्युडिकेशन’ म्हणतात. आम्ही त्यास येथे ‘निवाडा’ म्हणू. करारात ह्याची तरतूद नसली तरी सरकारने ठरविलेली योजना आपोआप लागू होते. प्रथम विरुद्ध पक्षास निवाड्याची नोटीस द्यावयाची. सात दिवसांत निर्णायकाची नेमणूक होऊन प्रकरण त्याच्यापुढे जावे अशी व्यवस्था असते. आणि त्यानंतर अठ्ठावीस दिवसांत त्याने निर्णय द्यावयाचा. वाद नेणाऱ्याची संमती असेल तर आणखी चौदा दिवस मिळतात. त्याहून अधिक मुदत हवी तर उभय पक्षांनी मान्य केले पाहिजे. निर्णायक स्वतः होऊन कागद मागवू शकतो व जागेवर जाऊन कामही पाहू शकतो.

त्याने दिलेला निर्णय तात्पुरता, परंतु बंधनकारक असतो. पुढे न्यायालयाने, लवादाने किंवा आपसांतील समझोत्याने अंतिम निकाल लागेपर्यंत तो पाळलाच पाहिजे. ‘आधी पैसा द्या, मागाहून हवे तेवढे भांडा’, हे ह्या कायद्याचे सार होय.

तारखांचे महत्त्व

निवाड्याइतकाच महत्त्वाचा भाग नोटिशींचा आहे. तो एका उदाहरणाने स्पष्ट करू. करारात वेगळ्या मुदती नाहीत, म्हणून सरकारी योजनेतील मुदती लागू आहेत, असे धरू. समजा, एका पोटकंत्राटदाराने करारानुसार १,००,००० पौंडांची मागणी लेखी पाठविली आहे व ती रक्कम देय होण्याची तारीख १ जून आहे. मुख्य कंत्राटदाराने ६ जूनपर्यंत, म्हणजे पाच दिवसांत, आपल्या हिशेबाने किती रक्कम होते ते कळविले पाहिजे. त्याने ते न कळविल्यास पोटकंत्राटदाराची मागणी हाच आकडा धरला जातो. रक्कम चुकती करण्याची शेवटची तारीख सतरा दिवसांनी, म्हणजे १८ जूनला येते. त्यापूर्वी सात दिवस, म्हणजे ११ जूनपर्यंत, ‘आम्ही कमी रक्कम देणार, ती इतकी व ह्या हिशेबाने’ अशी नोटीस देण्याची आणखी एक संधी मुख्य कंत्राटदारास असते.

ह्या दोन्ही तारखा त्याने दवडल्या तर? काम प्रत्यक्षात ६०,००० पौंडांचेच होते असे तो म्हणत असला, आणि ते खरे असले, तरीही १८ जूनला त्याने पूर्ण एक लाख मोजले पाहिजेत. खऱ्या किमतीचा वाद त्याला घालता येतो. परंतु आधी रक्कम चुकती केल्यावर. २०१८ साली ग्रोव्ह प्रकरणात तेथील अपील न्यायालयाने हा क्रम स्पष्ट केला.

आणखी दोन तरतुदी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. ‘मला वरून मिळाले की तुला देईन’ हे कलम, वरचा पक्ष दिवाळखोर झाल्याखेरीज, तेथे निरुपयोगी ठरते. आणि देय रक्कम वेळेवर न मिळाल्यास किमान सात दिवसांची नोटीस देऊन काम थांबविण्याचा हक्क कायद्यानेच मिळतो.

निर्णय चुकला तर?

अठ्ठावीस दिवसांत दिलेला निर्णय चुकणार नाही काय? अवश्य चुकू शकतो. आणि कायदा हे जाणतो. १९९९ साली मॅकोब प्रकरणात न्यायमूर्ती डायसन ह्यांनी संसदेचा हेतू झटपट व तात्पुरता निर्णय मिळावा हाच होता असे सांगून निर्णायकाचा निर्णय अंमलात आणविला. पुढच्याच वर्षी बुईग विरुद्ध डाल-येन्सन ह्या खटल्यात तर निर्णायकाची हिशेबातील चूक उघड दिसत होती. अद्याप देय न झालेली राखीव रक्कम त्याने बेरजेत धरली होती व त्यामुळे देणेकऱ्याच्या पदरी येणे पडले होते. तरीही अपील न्यायालयाने निर्णय बंधनकारक मानला. कारण निर्णायकाने त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर दिले होते, मग ते चुकीचे का असेना. मात्र रक्कम मिळणारी कंपनी दिवाळ्यात निघालेली असल्याने, पैसे एकदा गेले तर परत येणार नाहीत हे ओळखून, वसुलीस स्थगिती देण्यात आली. ज्याच्याकडून पैसे परत मिळण्याची आशाच नाही त्याच्या बाबतीत ‘आधी पैसा’ हे सूत्र आंधळेपणाने चालवीत नाहीत, हा ह्यातील बोध होय. निर्णायकाने अधिकाराबाहेरचा प्रश्न सोडविला, किंवा एका पक्षास बोलूच दिले नाही, तर मात्र न्यायालय तो निर्णय अंमलात आणीत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण केवळ माल पुरविणारे आहेत. त्यांनी हेही जाणावे की, जागेवर माल नुसता पोचविण्याचा करार ह्या ब्रिटिश कायद्याच्या कक्षेत येत नाही. माल बसवून देण्याचे कामही करारात असेल तरच येतो. स्वतःच्या राहत्या घरासाठी मालकाने केलेला करारही त्यातून वगळलेला आहे.

आपली स्थिती

न्यू साऊथ वेल्सने १९९९ मध्ये, न्यूझीलंडने २००२ मध्ये, सिंगापूरने २००४ मध्ये व मलेशियाने २०१२ मध्ये असे कायदे केले. भारतात मात्र बांधकामासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. त्यास जवळची अशी तरतूद २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे. त्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे देण्याची मुदत करारानेही पंचेचाळीस दिवसांपलीकडे नेता येत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रार सुविधा परिषदेकडे नेता येते. आणि परिषदेच्या निर्णयास आव्हान देणाऱ्या खरेदीदारास पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागते. ‘आधी पैसा’ ह्या तत्त्वाची सावली येथे स्पष्ट दिसते.

परंतु येथे आमच्या बंधूंनी सावध असावे. २०२१ मध्ये घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांस ‘उद्यम’ नोंदणी खुली झाली, ती केवळ बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. विलंबित येण्यांचे संरक्षण त्यांस त्यामुळे मिळालेले नाही. मजुरी व माल ह्यांचे एकत्र कंत्राट ह्या कायद्यात बसते की नाही, ह्याविषयीही वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळी मते दिलेली आहेत. म्हणून नोंदणीचा कागद भिंतीवर लावून निश्चिंत राहणे योग्य नव्हे.

मग करावे काय? करार करतानाच बिलाची तारीख, हरकतीची मुदत व पैसे देण्याचा दिवस लिहून घ्यावा. वाद झाल्यास उभयतांस मान्य अशा जाणत्या त्रयस्थाने ठरावीक दिवसांत निर्णय द्यावा व तो तूर्त पाळावा, असे कलम घालावे. पूर्वी पेढ्यांचे वाद पंच सोडवीत, तीच ही रीत. मात्र अशा कलमामागे आपल्याकडे कायद्याचे बळ नाही. ते मोडल्यास करारभंग म्हणूनच दाद मागावी लागते. चलनावर माल उतरवून घेणाऱ्याची सही व तारीख घ्यावी, आणि मोजणीची नोंद त्याच दिवशी करावी. निर्णायकापुढे असो वा न्यायालयापुढे, तोंडच्या शब्दाहून त्या दिवशीचा कागदच मोलाचा ठरतो.

शेवटी एक गोष्ट. आम्ही व्यापारी जसे येणेकरी आहोत तसेच देणेकरीही आहोत. आमच्याही दुकानांची, गोदामांची बांधकामे चालतात आणि गवंडी, सुतार, रंगारी आमच्या दाराशी बिल घेऊन उभे असतात. हरकत असेल तर ती आकड्यासह, मुदतीत व लेखी सांगावी. नसेल तर पैसे द्यावेत. हरकत मनात ठेवून माणसास ‘उद्या या’ म्हणत राहणे, हेच परदेशच्या ह्या कायद्याने दोषास्पद ठरविले आहे. तो आपल्याकडे येवो वा न येवो, त्यातील एवढा भाग पाळण्यास आपणांस कोणत्याही संसदेची वाट पाहावयास नको. सभासद बंधूंनी आपल्या देण्याघेण्याचे करार ह्या वर्षी एकदा काढून ह्या दृष्टीने वाचावेत, एवढीच आमची विनंती आहे.